एकाच पिकअपची घरी केलेली गिटार : दोन तासांचा कार्यक्रम निभावेल का?

लाकूडवेडा | २० जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आजोळचा कसबा पेठेतला वाडा पाडायला घेतला तेव्हा मामा म्हणाला, तुला काय आठवण हवी ती घेऊन जा. भावंडांनी तांब्याचे हंडे नेले, पितळी कड्या नेल्या. मी माजघरातल्या तुळईचा साडेचार फुटी तुकडा मागितला. जुनं सागवान. टिंबर मार्केटमधल्या आरागिरणीत आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, ते काढले आणि तीन फळ्या पाडून आणल्या. वरचा काळा थर रंध्याने निघाल्यावर आतून मधासारखा रंग आला, आणि सागवानाचा तो चामड्यासारखा वास दोन दिवस पार्किंगभर होता.

त्यातल्या दोन फळ्यांची या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक गिटार झाली. नेक, म्हणजे दांडाही, त्याच लाकडाचा, वर शिसवीची फ्रेटपट्टी (तार दाबायच्या आडव्या पट्ट्यांची), तारेची लांबी ६४८ मिमी, वजन ४ किलो १०० ग्रॅम. एका खिळ्याची खूण बॉडीत राहिली आहे. लोखंडामुळे सागवानाला काळं कडं पडलंय, रुपयाएवढं. ते बरोबर व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी येईल असं मी आखून घेतलं.

पिकअपही (तारेची थरथर विजेत बदलणारी, चुंबकाभोवतीची गुंडाळी) घरीच गुंडाळला, गिब्सनच्या पी-९० घाटाचा, एकाच गुंडाळीचा. ४२ गेजची तार, म्हणजे ०.०६३ मिमी, डोक्याच्या केसाएवढी. शिलाई मशीनची मोटर लावली आणि वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर. (१ + दाबून ठेवायचं आणि '='च्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) जोडायचा. प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो.) पहिल्या खेपेला ६,२०० वेढ्यांवर तार तुटली. दुसऱ्या खेपेला १०,००० पूर्ण झाले. मल्टिमीटरवर ८.१ किलोओहम.

आता प्रश्न. पिकअप एकच आहे, ब्रिजजवळ (म्हणजे घोडीजवळ), सॅडलपासून, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथपासून, ४२ मिमीवर. एक व्हॉल्यूमचं बटण, एक टोनचं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दोन तासांचा वाद्यवृंद असतो. या वर्षी २२ गाणी आहेत: भावगीतं, जुनी हिंदी, दोन कोळीगीतं, एक गझल आणि शेवटी पोरांच्या हट्टाखातर एक दणदणीत रॉक. गिटारवादक मी एकटा. ही एकच गिटार हे सगळं पेलेल का? की नेकजवळ दुसऱ्या पिकअपसाठी खाच मारू? अजून लॅकर मारलेलं नाही, मारायची तर आत्ताच. एकदा खाच कोरणारा राउटर फिरला की लाकूड परत येत नाही, आणि हे लाकूड तर मुळीच नाही.

---

कोथरूडची_चिऊ | २० जुलै, रात्री ११:०५

फोटो बघून डोळ्यात पाणी आलं. आमच्याही वाड्याच्या तुळया अशाच टेंपोत भरून गेल्या. कुठे गेल्या कोण जाणे. गिटारमधलं मला काही कळत नाही, पण हा धागा शेवटपर्यंत वाचणार.

---

बासवाला | २० जुलै, रात्री ११:३०

आमच्या फेंडरच्या प्रिसिजन बास गिटारला १९५१ पासून एकच पिकअप आहे, आणि त्यावर जगातलं काय काय वाजलं नाही? खाच मारू नका. हात चालवा.

---

सप्तक | २१ जुलै, सकाळी ८:१५

मनापासून असहमत, बासवाला. बासचं काम वेगळं, गिटारचं वेगळं. मी १५ वर्षं वाद्यवृंदात वाजवतोय. भावगीताला गायकाच्या मागे गिटार अशी लागते की ऐकणाऱ्याला ती वेगळी जाणवू नये. ब्रिजच्या पिकअपवर मंद्रातले सुटे सूर वाजवले की आवाज नाकात येतो. गायिका मान वळवून बघते. ती नजर मी झेलली आहे.

टोन कमी करून नेकच्या पिकअपसारखा आवाज मिळतो असं बरेच जण सांगतात. मिळत नाही. टोनने वरचं छाटलं जातं, खालचं भरत नाही.

आणखी एक. दोन पिकअप उलट गुंडाळीचे आणि उलट चुंबकाचे केले तर दोन्ही एकत्र लावल्यावर मेन्सचं घूंSS बरंचसं कटतं. मांडवात रोषणाई, डिमर, पंखे सगळं असतं. एकट्या सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) तिथे कोणी वाली नाही. लाकडावर तुमची माया आहे हे समजतं, पण वाद्य वाजवायला केलंय ना? मारा खाच.

---

मृण्मयी_के | २१ जुलै, सकाळी ९:५०

सप्तक, तुमचा पहिला मुद्दा पटला. पण इतिहास एका पिकअपच्या बाजूने बराच उभा आहे. गिब्सनची ईएस-१५० १९३६ साली आली. तिला एकच पिकअप होता, नेकच्या बाजूला. चार्ली ख्रिश्चनने त्याच गिटारवर जॅझमध्ये एकेका सुराची सलग सुरावट पुढे आणली. फेंडरची एस्क्वायर १९५० ची, ब्रिजला एक. लेस पॉल ज्युनियर १९५४ ची, ब्रिजला एक पी-९०. एडी व्हॅन हेलनच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या गिटारवर ब्रिजचा एक हंबकर (घूं मारणारा, दोन गुंडाळ्यांचा पिकअप) आणि आवाजाचं एक बटण, बस्स.

लाकूडवेडा, एस्क्वायरचं एक बघा. पिकअप एकच, तरी तीन जागांचा स्विच. एका जागी टोनचं सर्किट पूर्ण वगळलेलं, मधल्या जागी टोनचं बटण चालू, तिसऱ्या जागी कपॅसिटर लावून ठरावीक दबका आवाज. लाकडाला हात न लावता हे करता येईल.

---

ओहमकाका | २१ जुलै, दुपारी १:२०

भांडण नंतर करा. आधी कान लावा.

पिकअप हा तारेच्या एका ठिकाणी ठेवलेला कान आहे. तार अख्खी हलते, दोन भागांत हलते, तीन भागांत, चार भागांत, सगळं एकाच वेळी. प्रत्येक प्रकारच्या हलण्यात काही जागा स्थिर राहतात. त्या जागेवर कान ठेवला तर तो स्वर त्याला ऐकूच येत नाही. ६४८ ची एक चतुर्थांश लांबी १६२ मिमी, म्हणजे जिथे २४ वा फ्रेट आला असता ती जागा. नेकचा पिकअप साधारण तिथेच असतो. तिथे मोकळ्या तारेचा चौथा, आठवा, बारावा स्वरांश (तार तितक्या भागांत हलून येणारा स्वर) गायब. तीच तार १२ व्या फ्रेटवर दाबा, उरली ३२४ मिमी, आता पिकअप बरोबर मध्यावर आला. सम क्रमांकाचे सगळे स्वरांश गेले. म्हणून तिथे आवाज बासरीच्या पोकळीसारखा लागतो.

४२ मिमीवर असं पहिलं भोक पंधराव्या स्वरांशाच्या आसपास पडतं. म्हणजे तुमच्या पिकअपला जवळपास सगळं ऐकू येतं, पण ब्रिजजवळ तार कमी हलत असल्याने मूळ स्वर अशक्त. सप्तक म्हणतात ते याच अर्थाने बरोबर आहे.

खाच मारण्याआधी प्रयोग करा. पिकअप बाहेर काढा, वायर लांब जोडा, दोन ठोकळ्यांवर पट्टी ठेवून तो तारांच्या वर उलटा टांगा आणि ब्रिजपासून नेकपर्यंत सरकवा. चुंबकाला वरखाली कळत नाही. कोणालातरी एकच तार सारख्या जोराने छेडायला सांगा. कुठे काय मिळतं ते कानालाच कळेल.

---

शंतनु७ | २१ जुलै, दुपारी २:००

काका, हे अकरावीला असं शिकवलं असतं तर मी फिजिक्स सोडलं नसतं.

---

मिरजकर | २१ जुलै, रात्री ९:१५

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या मिरजेत सतारीला तून आणि सागवान दोन्ही वापरतात. तून म्हणजे महोगनीच्याच कुळातलं झाड. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. आमच्याकडे कारागिराचा सगळा जीव जवारीत असतो. घोडीचा माथा कानशीने घासून तार त्यावर किती टेकते ते जमवायचं. एकाच तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा अर्धा गहू सरकवला की स्वर उघडतो, आणखी सरकवला की मिटतो. तिथे ना पिकअप ना स्विच.

सांगायचं इतकंच, की जुनं लाकूड हाती आलंय तर त्याला भोकं कमीत कमी पाडा. सागवानाला तेल फार, जोड देताना ॲसिटोनने पुसून लगेच सरस लावला होता ना?

---

लाकूडवेडा | २१ जुलै, रात्री १०:००

मिरजकर, हो. पहिल्या सरावाच्या तुकड्यावर न पुसता जोडलं होतं, ते हाताने उकललं. त्यानंतर प्रत्येक जोडाआधी ॲसिटोन.

ओहमकाका, ठोकळे आणि पट्टी उद्या करतो.

---

गंधार | २२ जुलै, दुपारी १२:४०

इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडाचं एवढं कौतुक का? पिकअपला चुंबकक्षेत्रात हलणारी पोलादी तार तेवढी कळते. सागवान असो की प्लायवुड, तार तीच.

---

मिरजकर | २२ जुलै, दुपारी १:०५

तार ज्याला बांधली आहे ते हललं तर तार कशी हलेल हे बदलत नाही का?

---

गंधार | २२ जुलै, दुपारी १:३०

बदलत असेल, पण पिकअप एक सेंटिमीटर सरकवला तर जो फरक पडतो त्यापुढे तो किती? कानाला कळेल इतका आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. सागवान सुंदर आहे, जड आहे, पुण्याच्या पावसात वाकत नाही. इतकी कारणं मला पुरेशी आहेत.

---

लाकूडवेडा | २८ जुलै, रात्री ११:५०

प्रयोग झाला. लिहायला उशीर झाला कारण तीन रात्री तोच करत बसलो.

मुलगी सातवीत आहे. तिला एका बाजूला बसवलं, अंगठ्याने फक्त पाचवी तार छेडायची, दर दोन सेकंदांनी, पायाने ठेका धरून. मी पट्टी सरकवत होतो. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा केल्या होत्या. दोघांच्या कानांवर हेडफोन.

४२ वर आवाज ओळखीचा, करकरीत, पत्र्याच्या कडेसारखा. ६० च्या पुढे सरकल्यावर कड बोथट होत गेली आणि पोट भरायला लागलं. १६२ वर तार एकदम गोल, गोडसर, थोडी झोपाळू. काकांनी सांगितलेली पोकळी १२ व्या फ्रेटवर ऐकली तेव्हा अंगावर काटा आला, कारण ती कागदावर आधी बघितली होती. पट्टी भराभर सरकवली की आवाज "वाSSऊ" असा तोंड उघडत मिटत जातो. मुलीने ते दहा वेळा करायला लावलं.

सगळ्यात मोठं आश्चर्य मधे होतं. ९८ मिमीच्या आसपास मुलगी म्हणाली, "बाबा, इथे थांब." तिथे तार बोलते. आवाजात माणसाचा घसा आहे. ना ब्रिज, ना नेक.

मग उलटा प्रयोग केला. पिकअप ४२ वरच ठेवला आणि छेडायची जागा बदलली. पिकअपजवळ नखाने छेडलं तर काचेसारखं टणक. १५ व्या फ्रेटवर अंगठ्याच्या मांसाने छेडलं आणि टोन ४ वर आणला, तर १६२ च्या पुष्कळ जवळ जातं. तंतोतंत तेच येत नाही. सप्तक म्हणतात तो खालचा भरणा कमी पडतोच. पण फरक ऐकायला दोनदा कान द्यावा लागला.

---

सप्तक | २९ जुलै, सकाळी ७:४०

हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. घरात हेडफोनवर फरक लहान वाटतो. समोर २०० माणसं, शेजारी ढोलकी आणि सिंथेसायझर असलं की तोच फरक मोठा होतो. तालीम करून सांगा.

---

लाकूडवेडा | ११ ऑगस्ट, रात्री ११:२०

पहिली तालीम काल क्लब हाऊसमध्ये झाली. जसं झालं तसं लिहितो.

एक. व्हॉल्यूमच्या बटणाने दगा दिला. रॉकच्या गाण्यासाठी ॲम्पला ड्राइव्ह (आवाज मुद्दाम खरखरीत करणारी सोय) लावून ठेवायचा आणि बाकी वेळ गिटारचाच आवाज कमी करून स्वच्छ वाजवायचं, असा बेत होता. १० पासून ३ पर्यंत बटण फिरवलं तरी आवाज तसाच खरखरीत. ३ च्या खाली गेलं की एकदम गायब. मधलं काही हातात येईना.

दोन. घूं. क्लब हाऊसच्या छतात एलईडी पट्ट्या आहेत, डिमरवर. दिवे मंद केले की गिटारमधून माशी अडकल्यासारखी चरचर. गझलेच्या आधी नेमके दिवे मंद करतात. गायिका, म्हणजे आमच्या सी विंगमधल्या काकू, फार समजूतदार. म्हणाल्या, "आपण दिवे पूर्ण ठेवू, मी डोळे मिटून गाईन." मला फार वाईट वाटलं.

---

ओहमकाका | १२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पॉट (बटणाखालचा बदलता रोध) कुठला घातलाय? बटण बरोबर मध्यावर ठेवा आणि मल्टिमीटर लावा. ५०० किलोओहमच्या पॉटवर मध्यावर साधारण २५० दाखवलं तर तो लिनियर, म्हणजे सारख्या प्रमाणात वाढणारा, आहे. व्हॉल्यूमला लॉग (आधी हळू, मग भराभर वाढणारा) हवा, त्याचा मध्यावर १०–१५ टक्केच रोध येतो. आपला कान पट्टीने मोजत नाही. लिनियर पॉट निम्म्यावर आणला तरी जेमतेम ६ डेसिबल उतरतात, आणि ड्राइव्ह लावलेल्या ॲम्पला तेवढं उतरलेलं जाणवतही नाही.

चरचरीसाठी: खाचेला आतून तांब्याची टेप लावा आणि ती ग्राउंडला जोडा.

---

गंधार | १२ ऑगस्ट, सकाळी ९:००

काका, तांब्याने ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय घूं अडत नाही. उगाच आशा लावू नका.

---

ओहमकाका | १२ ऑगस्ट, सकाळी ९:२५

बरोबर बोललास. घूं आणि चरचर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चरचर हवेतून विद्युतक्षेत्राने येते, ती टेपने अडते. घूं चुंबकीय, त्याला टेप पुरत नाही. पण त्याला दिशा असते. गिटार धरून जागच्या जागी सावकाश वळा. एका कोनात ते खाली बसतं. तिथे उभं राहून वाजवा.

---

लाकूडवेडा | १७ ऑगस्ट, रात्री १०:१५

पॉट लिनियरच निघाला, मध्यावर २४७. तापकीर गल्लीत जाऊन लॉग आणला. दुकानदाराने तीन दाखवले, मी तिघांनाही तिथेच मल्टिमीटर लावला. तो म्हणाला, "साहेब, असं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं," आणि चहा मागवला. तिथेच २२३ छापलेला कपॅसिटर (०.०२२ मायक्रोफॅरड) आणि तीन जागांचा स्विच घेतला. मृण्मयीताईंनी सांगितलेली एस्क्वायरची जोडणी केली, तिसऱ्या जागेचा कपॅसिटर मात्र ऐकून ऐकून निवडला.

आता बटण १० वर दणका, ६ वर किंचित खरखर, ४ वर स्वच्छ. मधली प्रत्येक पायरी हातात येते. व्हॉल्यूम कमी केला की थोडं ट्रेबलही जातं. त्याला १०२ चा छोटा कपॅसिटर लावून उपाय करतात, तो करू का?

---

सप्तक | १७ ऑगस्ट, रात्री १०:५०

करू नका! भावगीताला नेमकं तेच हवंय. व्हॉल्यूम ४, टोन ५, अंगठा. आवाज आपोआप गायकाच्या मागे जाऊन बसेल.

---

बासवाला | १७ ऑगस्ट, रात्री ११:००

सप्तक एका पिकअपवाल्याला युक्त्या सांगायला लागले. आजची तारीख वहीत लिहून ठेवतो.

---

सप्तक | १७ ऑगस्ट, रात्री ११:१०

बासवाला, वाद्य चांगलं वाजावं एवढाच माझा पक्ष आहे :) नेकच्या पिकअपचं माझं मत तसंच आहे.

---

मृण्मयी_के | १८ ऑगस्ट, सकाळी १०:००

मग एक चाचणी घेऊया का? लाकूडवेडा, सहा तुकडे रेकॉर्ड करा, प्रत्येकी २० सेकंद. काही या गिटारवर, काही तीन पिकअपच्या दुकानातल्या गिटारवर. कुठला कशावर ते सांगू नका. आवाजाची पातळी सारखी करून टाका, कारण जे थोडं मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं.

---

लाकूडवेडा | २४ ऑगस्ट, रात्री ९:३०

तुकडे चढवले आहेत. भावाची तीन पिकअपची गिटार आणली. ॲम्प तोच, तारा त्याच जाडीच्या. अ : भावगीताची साथ. आ : यमनमधली मींड, स्लाइडवर. इ : जॅझचे कॉर्ड. ई : रॉक. उ : कोळीगीताचा ठेका. ऊ : करंगळीने व्हॉल्यूम उघडत वाजवलेले लांब सूर.

---

शंतनु७ | २४ ऑगस्ट, रात्री १०:०५

अ आणि इ दुकानातली. बाकी सागवान.

---

मिरजकर | २४ ऑगस्ट, रात्री १०:४०

आ मध्ये तीव्र मध्यमावरून पंचमावर गेलात तिथे मी डोळे मिटले. ती सागवान असो वा नसो. ऊ ऐकताना सारंगी आठवली, गज फिरवायला घेतात तशी.

---

सप्तक | २५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

अ दुकानातली, नेक पिकअप. खात्री आहे. इ सागवान, कारण खालच्या सुरांना अंग कमी आहे. उ दुकानातली, मधली जागा.

---

गंधार | २५ ऑगस्ट, सकाळी ११:००

ई सोडून सगळं दुकानातलं.

---

लाकूडवेडा | २६ ऑगस्ट, रात्री ९:००

उत्तरं. अ, आ, ई, ऊ सागवान. इ आणि उ दुकानातली.

सप्तक, अ मध्ये तुमचीच युक्ती आहे. व्हॉल्यूम ४, टोन ५, अंगठा १४ व्या फ्रेटवर. उ मात्र तुम्ही जागेसकट ओळखलंत. दोन पिकअप एकत्र लावल्यावर येणारा तो पाणीदार, किंचित पोकळ आवाज माझ्या गिटारवर काही केल्या येत नाही. मी दोन रात्री प्रयत्न केला, जमला नाही म्हणूनच तो तुकडा तिच्यावर वाजवला.

---

सप्तक | २६ ऑगस्ट, रात्री ९:४०

अ ला मी हरलो, आणि आनंदाने. १५ वर्षं ज्या आवाजासाठी मी नेकचा स्विच पाडत आलो तो तुम्ही अंगठ्याने काढलात. आता पुन्हा ऐकतोय. फक्त शेवटच्या ओळीत, सहाव्या तारेवर उतरता तिथे मला अजून ब्रिज ऐकू येतो. एवढं सोडलं तर माझी तक्रार नाही.

---

कोथरूडची_चिऊ | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

नदीपात्रात ढोलपथकांचा सराव रंगात आलाय, घरात टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही. त्यांचाही एकच 'पिकअप' नाही का? एक ढोल, एक टिपरू. तरी पानाच्या मध्यावर मारलं तर एक आवाज, कडेला मारलं तर दुसरा. इथे वाचून आज पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं.

---

ओहमकाका | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ७:५०

चिऊताई, अगदी तेच. छेडायची जागा.

---

लाकूडवेडा | १२ सप्टेंबर, रात्री १२:३०

कार्यक्रम काल झाला. अजून झोप येत नाहीये.

दुपारीच मांडवात जाऊन ॲम्प लावला आणि गिटार गळ्यात घालून सावकाश वळत राहिलो. पाण्याच्या टाकीकडे तोंड केलं की घूं खाली बसत होतं. तिथे जमिनीवर खडूने पावलं काढून ठेवली. टेप आतून लावली होती, त्यामुळे चरचर जवळजवळ नव्हतीच. गझलेला दिवे मंद झाले. काकूंनी डोळे उघडे ठेवून गायलं.

भावगीतं सगळी अंगठ्यावर. कोळीगीताला स्विच पहिल्या जागी, टोन वगळून, ब्रिजजवळ पिकने. तिथे हा पिकअप असा काही चमकला की ढोलकीवाल्या दादांनी भुवया उडवल्या. जुन्या हिंदी गाण्यांतले लांब सूर करंगळीने उघडले. रॉकला बटण १० वर आणि पोरं खुर्च्यांवर उभी.

तीन गाणी मनासारखी झाली नाहीत. एका संथ भावगीतात मंद्रातले सुटे सूर कोरडे लागले, तिथे मला सप्तक आठवले. एका हिंदी गाण्याला तोच पाणीदार आवाज हवा होता. आणि एकात ठेक्यातून सोलोवर जाताना टोनचं बटण फिरवायला वेळच मिळाला नाही, स्विच आधी पाडून ठेवायला हवा होता. ती चूक माझी, गिटारची नाही.

कार्यक्रम संपल्यावर मामा स्टेजवर आला. काही बोलला नाही. खिळ्याच्या काळ्या कड्यावरून अंगठा फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "इथे आईचा कंदील असायचा."

---

मिरजकर | १२ सप्टेंबर, सकाळी ६:३०

काय लिहू. नमस्कार सांगा मामांना.

---

नवा_सदस्य_पिंपळे | १९ सप्टेंबर, दुपारी ३:१०

सगळा धागा आत्ता वाचून काढला. मीही गिटार करायला घेतोय म्हणून मूळ प्रश्नावर येतो. शेवटी खाच मारली की नाही?

---

लाकूडवेडा | १९ सप्टेंबर, रात्री ९:२०

नाही मारली. काल लॅकरचा पहिला हात दिला.

कारण सांगतो. ब्रिजजवळच्या पिकअपला तारेतलं जवळपास सगळं ऐकू येतं. नको ते बटणाने, अंगठ्याने, जागा बदलून कमी करता येतं. जे पिकअपने ऐकलंच नाही ते नंतर आणता येत नाही. २२ पैकी १९ गाण्यांना एवढं पुरलं. उरलेल्या तिनांतलं एक माझ्या सरावाने सुटेल. दोन सुटणार नाहीत, ती मी मान्य करतो. तुम्हाला रोज भावगीतांचीच साथ करायची असेल तर सप्तकांचं ऐका आणि नेकजवळ पिकअप ठेवा. एकच ठेवायचा तर आधी काकांचा पट्टीचा प्रयोग करा, लाकूड कापण्याआधी.

---

सप्तक | १९ सप्टेंबर, रात्री ९:४५

सही.

---

ओहमकाका | १९ सप्टेंबर, रात्री १०:००

आणि ती तिसरी फळी?

---

लाकूडवेडा | १९ सप्टेंबर, रात्री १०:१०

रविवारी आखायला घेतोय, काका. मुलीच्या मापाची. पिकअप एकच, सॅडलपासून ९८ मिमीवर, तिने "थांब" म्हटलं होतं तिथे. ४२ गेजची तार संपली आहे, तुमच्याकडे रीळ आहे का?

---

ओहमकाका | १९ सप्टेंबर, रात्री १०:१२

अर्धं रीळ आहे. दहा हजार वेढे आरामात होतील. शनिवारी संध्याकाळी या, मुलीलाही आणा. या खेपेला कॅल्क्युलेटर तिच्या हातात देऊ.